हवेत उलटं जहाज दिसलं म्हणतात? आधी करंगळी धरा

१९९४ च्या एप्रिलमध्ये मी एका तेलवाहू जहाजावर थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी, होतो. होर्मुझची सामुद्रधुनी मागे टाकून आम्ही इराणच्या आखातात शिरलो होतो. सकाळची आठ ते बाराची वॉच माझी. समुद्र ताटात ठेवलेल्या तेलासारखा निपचित होता. लुकआउटला देवगडकडचा एक एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, होता. तो म्हणाला, "सायब, थंय बघा." बघितलं तर समोरच्या टँकरच्या डोक्यावर दुसरा टँकर, उलटा. खालच्याची चिमणी आणि वरच्याची चिमणी एकमेकींना टेकलेल्या.

मी कॅप्टनना फोन केला आणि म्हणालो, "सर, अर्ध्या आकाशात जहाज लटकलंय." ते वर आले, शांतपणे पाहिलं आणि सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माझ्या हातात दिला. "मोज." मी मोजलं. पाण्यापासून उलट्या जहाजाच्या तळापर्यंत सगळं मिळून १३ मिनिटं. एक अंश म्हणजे ६० मिनिटं, आणि पौर्णिमेचा चंद्र सुमारे ३० मिनिटांचा. मी 'अर्धं आकाश' म्हणत होतो ते चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढंही नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो. मला ते खरोखरच तेवढं मोठं वाटलं होतं.

आता निवृत्त होऊन वेंगुर्ल्याजवळ राहतो. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोनवर व्हिडिओ पाठवतं: ढगात शहर, आकाशात बोट, समुद्रावर डोंगर. "काका, हे खरं का?" त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवा, पण त्याने सांगितलेल्या आकारावर आणि उंचीवर मोजल्याशिवाय ठेवू नका.

पहिला प्रश्न: किती वर?

हात पूर्ण लांब करून करंगळी क्षितिजावर आडवी धरा. तिची जाडी साधारण एक अंश भरते. हवेच्या थरांमुळे दिसणारं मृगजळ, कितीही विलक्षण असलं तरी, क्षितिजाला चिकटूनच राहतं आणि बहुतेक वेळा अर्ध्या अंशात संपतं. म्हणजे अर्धी करंगळी. कुणी म्हणालं की इमारती डोक्यावरच्या ढगांत होत्या, किंवा झाडाच्या शेंड्यापेक्षा दुप्पट उंच होत्या, तर ते दुसरं काहीतरी आहे.

कारण सोपं आहे. प्रकाश हवेतून जाताना थंड, दाट हवेच्या बाजूला वाकतो. तापलेल्या डांबरी रस्त्यालगतची हवा गरम आणि वरची थंड असते, म्हणून किरण वरच्या बाजूला वाकतात आणि आकाशच रस्त्यावर पाण्यासारखं दिसतं. हे खालचं मृगजळ, आपण सगळ्यांनी पाहिलेलं. याच्या उलट, गार पाण्यावर गार हवा आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर बसला, तर किरण पृथ्वीच्या बाकाबरोबर खाली वाकतात आणि क्षितिजापलीकडची वस्तू वर उचललेली आणि उलटी दिसते. हे वरचं मृगजळ. वर जाताना दर १०० मीटरला साधारण ११ अंश सेल्सियस इतकी ऊब वाढत असेल, तर किरणाचा बाक पृथ्वीच्या बाकाएवढा होतो. पण हा बाक हलकासाच असतो. ज्या किरणाची मूळ दिशा जवळजवळ आडवी आहे तोच यात सापडतो. तिरका वर जाणारा किरण थर भेदून निघून जातो. म्हणून खेळ क्षितिजावरच चालतो.

थरांची घडी गुंतागुंतीची झाली की एकाच वस्तूच्या सुलट्या-उलट्या प्रतिमा एकावर एक रचल्या जातात आणि ताणल्या जातात. साध्या किनाऱ्याचे बुरूज आणि कमानी होतात. इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवरच्या अशा दृश्यांवरून याला फाटा मॉर्गाना म्हणतात. आपल्याकडे शब्द फार जुना आहे: गंधर्वनगरी. वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधर्वनगराला स्वतंत्र अध्याय दिला आहे. तो त्यातून शुभाशुभ सांगतो, ते सोडून द्या. पण सहाव्या शतकात या दृश्यावर अध्याय लिहावासा वाटला, याचा अर्थ लोक ते बघत होते आणि बोलत होते.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या फोशानचा एक व्हिडिओ जगभर फिरला. ढगांच्या वर उंच इमारतींची रांग. बातम्यांनी त्यावर फाटा मॉर्गानाचा शिक्का मारला. त्याला करंगळी लावून बघा. इमारती क्षितिजापासून कितीतरी वर आहेत. शिवाय सगळ्या सुलट्या आणि प्रमाणबद्ध आहेत, ताण नाही, उलटी जोडप्रतिमा नाही. मी ते मृगजळ मानत नाही.

असे व्हिडिओ आले की दोन गोष्टी आधी तपासा. बस, गाडी किंवा खोलीच्या काचेतून चित्रण झालं असेल, तर मागच्या इमारतींचं प्रतिबिंब आकाशात तरंगतं. आणि धुकं किंवा खालचा ढग मधे असेल, तर खऱ्याच इमारतींचे फक्त वरचे मजले दिसतात. दोन्हींत खोटेपणा नाही, पण मृगजळही नाही.

दुसरा प्रश्न: तिथे खरोखर काय आहे?

मृगजळ नवीन वस्तू घडवत नाही. जे आहे त्याचीच जागा आणि आकार बदलतं. म्हणून दिशा विचारा, नकाशा उघडा आणि त्या दिशेला रेघ ओढा. रेघेवर काहीतरी सापडलं पाहिजे, आणि ते आवाक्यात असलं पाहिजे.

आवाका काढायचं गणित आम्ही जहाजावर रोज वापरायचो. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.८६ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर तुमचं क्षितिज. समोरच्या वस्तूच्या उंचीचंही तसंच काढा आणि दोन्ही मिळवा. वाळूवर उभ्या माणसाचा डोळा १.७ मीटरवर धरला तर क्षितिज ५ किलोमीटर. जहाज ३६ मीटर उंच असेल तर त्याचे २३. म्हणजे २८ किलोमीटरपर्यंत त्याचं टोक साध्या हवेतही दिसू शकतं.

हे गणित दोन्ही बाजूंनी कामाला येतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरून शिकागोच्या इमारती दिसल्याचा फोटो गाजला. अंतर ५० मैलांहून जास्त, म्हणजे ८० किलोमीटरच्या पुढे. मृगजळ म्हणून बातमी झाली. पण शिकागोचा विलिस टॉवर ४४२ मीटर उंच आहे, त्याचेच ८१ किलोमीटर होतात. तुम्ही १६ मीटरच्या वाळूच्या टेकडीवर असाल तर आणखी १५. स्वच्छ हवेत सर्वांत उंच इमारतींची टोकं मृगजळाशिवायही दिसतील. फोटोत त्या सुलट्या आहेत. हवेने त्या थोड्या उचलून धरल्या असतील, पण मृगजळ म्हणायला उलटी प्रतिमा हवी. सगळं खरं असूनही नाव चुकीचं पडू शकतं, ते असं.

आणि दुसऱ्या टोकाला रिचर्ड विलोबी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अलास्कात सोनं शोधणाऱ्या या माणसाने 'निःशब्द नगरी'चे फोटो विकले. हिमनदीवरच्या हवेत हे शहर दिसतं, असं तो सांगायचा. फोटो इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा निघाला. हजारो किलोमीटरवरचं शहर कुठलीही हवा उचलून आणत नाही. एवढ्या अंतरात प्रकाश हवेतच विखरून संपतो.

रडारच्या लहरींचं गणित वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत. अरबी समुद्रावरचा हवेचा थर नळीसारखा वागायचा. आखातात माझ्याही पडद्यावर नको तिथे किनारे उमटले आहेत. पण रडारला दिसतं म्हणून डोळ्यालाही दिसेल, असं नाही. "मुंबईहून ओमान दिसलं" असं कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा.

तिसरा प्रश्न: वाकून बघितलंत का?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण याचं उत्तर खोटं बनवता येत नाही. मृगजळ डोळ्याच्या उंचीला फार हळवं असतं. वाळूवर बसलात, उभे राहिलात, बांधावर चढलात, की चित्र बदलतं. ज्याने खरंच पाहिलं आहे तो सांगतो, "खाली बसल्यावर ते फाटल्यासारखं झालं." ज्याने ऐकलेलं सांगितलं आहे, त्याच्याकडे हे नसतं.

तसंच वेळेचं. खरी गंधर्वनगरी मिनिटामिनिटाला बदलते. बुरूज वाढतो, पसरतो, मधोमध तुटतो. 'अर्धा तास जसंच्या तसं होतं' असं ऐकलं की मी थबकतो. फोटोपेक्षा म्हणूनच दोन-तीन मिनिटांचा स्थिर व्हिडिओ मागा, ज्यात खालचा किनारा किंवा एखादी होडी चौकटीत असेल. पुढे पाठवलेली प्रत नको, मूळ फाइल मागा.

इथेच तरंगत्या जहाजांचा घोटाळा सोडवता येतो. २०२१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या अशा एका जहाजाचा फोटो सगळीकडे छापून आला आणि वरचं मृगजळ म्हणून सांगितला गेला. जहाज मात्र त्यात सुलटं आणि जसंच्या तसं आहे. आपल्याकडे धुरकट दुपारी हे कितीदा तरी दिसतं: दूरच्या पाण्याचा रंग आकाशात मिसळतो, जवळच्या पाण्याची कड क्षितिजासारखी भासते, आणि खऱ्या क्षितिजावरचं जहाज त्या कडेच्या वर, अधांतरी वाटतं. याला मी फसवं क्षितिज म्हणतो. कॉर्नवॉलचा तो फोटोही मला तसाच वाटतो. दुर्बीण लावा. जहाजाखाली पुसट पाणी सापडलं तर फसवं क्षितिज. जहाजाचा काही भाग उलटा किंवा ताणलेला दिसला तर मृगजळ.

कोण सांगतंय, आणि कधी लिहिलं?

१८१८ मध्ये जॉन रॉस कॅनडाच्या उत्तरेला लँकेस्टर साउंडमध्ये शिरला. पुढे डोंगरांची रांग आडवी दिसली. त्याने तिला क्रोकर पर्वत नाव दिलं आणि जहाजं मागे फिरवली. त्याच्या काही अधिकाऱ्यांना ते डोंगर पटले नव्हते. त्यांतला एडवर्ड पॅरी पुढच्याच वर्षी त्या 'डोंगरां'मधून जहाज घेऊन पार गेला. रॉस अनुभवी दर्यावर्दी होता, लबाड नव्हता. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला "तुलाही दिसतंय का?" हे विचारायचं राहिलं, असं मला वाटतं.

१९०६ मध्ये अमेरिकी शोधक रॉबर्ट पिअरीने आर्क्टिकमध्ये 'क्रॉकर लँड' नावाची नवी भूमी पाहिल्याचं पुढच्या वर्षी पुस्तकात छापलं. त्या दिवसांच्या त्याच्या डायरीत मात्र त्याचा उल्लेख नाही. १९१४ च्या एप्रिलमध्ये डोनाल्ड मॅकमिलन ती भूमी शोधायला समुद्राच्या बर्फावरून निघाला. त्यालाही डोंगर, दऱ्या, बर्फाळ शिखरं स्पष्ट दिसली. सोबतचा इनुइट शिकारी पिउगात्तोक म्हणाला, हे धुकं आहे. त्याचं न ऐकता ते चालत राहिले. सूर्य फिरला तसं दृश्यही बदलत गेलं आणि शेवटी समोर नुसता बर्फ उरला.

ही गोष्ट मी तरुण खलाशांना नेहमी सांगायचो. त्या जागी जन्म काढलेला माणूस काय म्हणतो ते आधी ऐका. आपल्याकडे तो माणूस म्हणजे तांडेल, मासेमारी होडीचा प्रमुख. आणि नोंद त्याच दिवशीची आहे की नंतरची, हे विचारा.

"अशक्य आहे" म्हणायची घाईही नको

विल्यम बॅरेंट्सचे डच खलाशी १५९६ च्या हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटावर अडकले. फुटक्या जहाजाच्या लाकडांचं घर बांधून राहिले. सूर्य नोव्हेंबरमध्येच बुडाला होता. २४ जानेवारी १५९७ ला गेरिट दे वेअर, कप्तान हेम्सकर्क आणि आणखी एक जण किनाऱ्यावर गेले, आणि त्यांना सूर्याची कड दिसली. धावत येऊन सांगितलं. बॅरेंट्स म्हणाला, शक्य नाही, अजून दोन आठवडे आहेत. तीन दिवसांनी, २७ तारखेला, सगळ्यांनी पूर्ण सूर्य पाहिला.

घरी परतल्यावर विद्वानांनी त्यांना खोटं पाडलं. दिवसांची मोजणी चुकली असेल, म्हणाले. दे वेअरने मात्र एक गोष्ट लिहून ठेवली होती: त्याच सुमाराला गुरू आणि चंद्राची युती त्यांनी पाहिली होती. पंचांग पुसता येत नाही. त्यावरून तारीख पक्की ठरते. सूर्य तेव्हा क्षितिजाखाली जवळजवळ पाच अंश होता. गार हवेवरच्या ऊबदार थराखाली प्रकाश कैद होऊन पृथ्वीच्या बाकाबरोबर शेकडो किलोमीटर आला, तर हे होतं. १९१५ च्या ८ मे रोजी अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकलेल्या शोधक शॅकलटनच्या लोकांनाही सात दिवसांपूर्वी हिवाळ्यापुरता बुडालेला सूर्य पुन्हा अर्ध्याहून जास्त वर आलेला दिसला. एकविसाव्या शतकात हवेच्या थरांचं गणित मांडून डच नोंदी जुळतात हे दाखवलं गेलं. तोवर चारशे वर्षं गेली होती.

आणि इथेही करंगळीचा नियम मोडत नाही. सूर्य दिसला तो क्षितिजावरच.

२६ जुलै १७९७ ची हेस्टिंग्जची नोंदही मला अशीच पटते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून ४० ते ५० मैलांवरचा फ्रान्सचा किनारा विल्यम लॅथम यांनी पाहिला. सोबतच्या खलाशांनी आणि कोळ्यांनी बोट दाखवून एकेक ठिकाण नावानिशी सांगितलं. ज्यांनी ती ठिकाणं जवळून पाहिली होती ते ती ओळखत होते. १८२२ मध्ये ग्रीनलंडजवळ विल्यम स्कोर्सबीने हवेतल्या उलट्या प्रतिमेवरून आपल्या वडिलांचं 'फेम' जहाज ओळखलं, सुमारे ३० मैलांवरचं. नंतर जागा ताडून पाहिली, जहाज तिथेच होतं. मला अशी साक्ष हवी असते.

स्वतः बघायचं असेल तर

दूर जायची गरज नाही. पावसाळा संपला, आकाश धुतलं गेलं की ऑक्टोबर ते फेब्रुवारी संध्याकाळी किनाऱ्यावर बसा. मावळता सूर्य पाण्याला टेकण्याआधी खालून दुसरा सूर्य वर येऊन त्याला भेटतो. दोन्ही मिळून बुडाशी रुंदावलेल्या रांजणासारखा आकार होतो. हे खालचंच मृगजळ, समुद्रावरचं. सूर्याकडे दुर्बीण अजिबात लावू नका. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघा.

हिवाळ्यात पहाटेची वेळ बेटं बघायला चांगली. रात्रभर मतलई वारा जमिनीवरून गार हवा समुद्रावर लोटतो. पाणी तिच्यापेक्षा ऊबदार असतं. त्यामुळे लांबच्या खडकांचा पायथा गायब होऊन त्याजागी आकाशाची फट दिसते. सोबत वही ठेवा. तारीख, वेळ, दिशा, वारा कुठून, डोळा पाण्यापासून किती उंच, करंगळीच्या कितव्या भागाएवढं, खाली बसल्यावर काय झालं: एवढं तिथेच लिहा. घरी येऊन लिहू नका, चहा होईपर्यंत सुद्धा बुरूज वाढतात.

गेल्या जानेवारीत ओळखीचा एक तांडेल सकाळी सात वाजता दारात आला. "काका, आज खडक पाण्यार नाय. वर उचललेलो दिसता." वेंगुर्ला रॉक्सबद्दल बोलत होता. आम्ही पुळणीवर गेलो. मी काही न बोलता त्याला हात लांब करायला सांगितलं. त्याने करंगळी धरली आणि म्हणाला, "हां, नखाएवढोय नाय." दुर्बिणीत खडकांच्या दोन्ही टोकांखाली आकाशाची बारीक फट स्वच्छ दिसत होती. तो वाळूत बसला तशी फट वाढली. मग आम्ही बंदराजवळच्या टेकडीवर चढलो. निम्म्या चढावर मागे वळून बघितलं तर खडक पाण्यावर टेकले होते.

"मी खोटा सांगलंय नाय मां?" त्याने विचारलं.

मी वही उघडून त्याचं नाव आधी लिहिलं, मग वेळ: सात वाजून दहा मिनिटं, वारा पूर्वेचा, मंद.